चार बोटं माया

विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बघू?

उगाच नाही विचारत. शटर अर्धं खाली आलंय, एवढी कापडाची थानं मोजून झाली की घरीच जायचंय. हात चालू ठेवा, उत्तर तोंडानं द्या.

"स्वतःवर"? वा! काल स्वतःच्या हातानं कापलेला पडदा खिडकीला लागला का रे? वीतभर आखूड. आणि हा ठेवणार स्वतःवर विश्वास!

आणि तू? "आप्पा, सख्ख्या भावावर." हं. कुणीतरी म्हणणारच होतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळं शिक्षण या गल्ल्यामागे उभं राहून झालं. उमेदीच्या काळात शेजारी एक कापडवाला होता. त्याची लोखंडी मीटरपट्टी एका टोकाला घासलेली, नखभर. कुणी बोट दाखवलं की म्हणायचा, "झिजली हो, माझ्यासारखीच." मी एकदा म्हटलं, "शेठ, कापड घेताना वापरता ती पट्टी नाही झिजत?" त्यानंतर त्यानं मला कधी चहा पाजला नाही. पण तो निदान परक्यांना फसवत होता. परक्याकडून फसलेला माणूस दुकान बदलतो. घरच्यानं फसवलं तर लहान पोरानं काय बदलायचं?

ही गोष्ट बटणवाल्याची. तुम्ही पाहिलंय त्याला. हो, तोच, टॉर्च आणि बॅटऱ्या विकतो तो. टॉर्च का विकायला लागला, तेच सांगतोय. आधी तो बटणं, हूक, चेन, सुया, दोरे असलं शिवणाचं सामान घेऊन गावोगाव फिरायचा. दोन खांद्यांना दोन पिशव्या आणि तोंड अखंड चालू. आपल्या दुकानात महिन्याला यायचा. खोटं बोलायचा तो भावात. बाकी कशात नाही.

दोन वर्षं झाली. जानेवारीतला दुसरा मंगळवार. एका शिंप्याच्या दुकानात पांढऱ्या बटणांचा मोठा पुडा पोचवायचा होता. एवढंच काम. पुडा द्यायचा आणि रात्री पावणेनऊच्या शेवटच्या बसनं परत यायचं. बस चुकली. धावत स्टँडवर पोचला तेव्हा तिचे मागचे लाल दिवे दिसत होते. परत त्याच दुकानात गेला आणि म्हणाला, "रात्रीपुरतं पडू द्या."

ते घर नीट लक्षात घ्या. पुढे रस्त्यावर दुकान. त्याच्या मागे शिवणाची खोली, त्यात तीन मशिनी आणि कापड कापायचं लांब टेबल. त्या खोलीचं मागचं दार अंधाऱ्या बोळात उघडतं. आणि त्याच खोलीतून लाकडी जिना वर जातो. वर राहायच्या खोल्या.

दुकान होतं मास्टरचं. थोरला भाऊ. बायको बाळंतपणात गेलेली, मागे एकच मुलगी. पोर रांगायला लागल्यापासून मशीनभोवती गरगरायची म्हणून तिला बॉबिन म्हणायचा. धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली शिकला. मास्टर गिऱ्हाइकाचं माप घ्यायचा आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा, "छाती अडतीस." धाकट्यानं मागून तोच आकडा म्हणायचा, "अडतीस." मग लिहायचा. आकडा दोन तोंडांतून गेल्याशिवाय कागदावर जायचा नाही, अशी त्या दुकानाची शिस्त.

आणखी एक शिस्त होती. ऑर्डर कितीही मोठी असो, तिचा शेवटचा धागा मालकानं तोडायचा. मास्टर तो दातानं तोडायचा. कात्री समोर खिळ्याला टांगलेली असायची, पण नाही. दातानं. टक्.

मग एक दिवस पोलीस आले. चोरीची थानं दुकानाच्या माळ्यावर निघाली. आणली होती धाकट्यानं, स्वस्तात मिळाली म्हणून. मास्टरला पत्तासुद्धा नव्हता. धाकट्यानं थोरल्याचे पाय धरले. म्हणाला, "दादा, तू सांग तुझी आहेत. तुझं नाव चांगलं आहे, तुला कमी शिक्षा होईल. बॉबिनला मी डोळ्यांत ठेवीन." आणि मास्टर पोलिसांना म्हणाला, "दुकान माझं. माल माझा."

दोन वर्षांची शिक्षा लागली त्याला.

काय? मूर्ख होता? असेल. सख्ख्या भावावर विश्वास ठेवला, दुसरं काय केलं? आत्ता तूच म्हणालास ना?

तर बटणवाला परत आला तेव्हा वर जेवणं चालली होती. काकू, म्हणजे धाकट्याची बायको, ताटावरूनच म्हणाली, "आलात का परत? घराला काय धर्मशाळा समजलात?" मग हसली. पण हसणं ओठांच्या वर गेलं नाही. बटणवाल्याला भाकरी वाढली. कोपऱ्यात पोर बसली होती, नऊ वर्षांची. ताटात अर्धी भाकरी. तीही तिनं अर्धी बाजूला सारली.

"बघा," काकू म्हणाली. "आम्ही उपाशी ठेवतो म्हणून गल्लीत सांगत असेल. नाटकी. बापाच्या वरताण. कालपासून माझी कात्री सापडत नाहीये. आता मी काही बोलायचं नाही, पण रक्त शेवटी रक्तच."

"काकू, कात्री तुमच्या उशाशी आहे," पोर हळूच म्हणाली.

"तोंड वर करून बोलू नकोस! खाली जा, कामाला लाग."

पोर उठली. बटणवाल्यानं तेव्हा तिचा फ्रॉक पाहिला. फिकट पिवळा, त्यावर बारीक निळी फुलं. गुडघ्याच्या पार वर गेलेला. आणि खालच्या घेरावर जुन्या घड्यांच्या रेघा, एकाखाली एक. तो धंद्यातला माणूस, एका नजरेत समजला. तुम्हीही समजून घ्या. लहान मुलांचे कपडे शिवताना खालच्या घडीत जादा कापड दुमडून ठेवतात. त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की घडी उसवायची आणि फ्रॉक लांब करायचा. त्या फ्रॉकची माया शेवटच्या रेघेपर्यंत उसवून झाली होती. आत आता काही शिल्लक नव्हतं.

पोर खाली गेल्यावर धाकट्यानं जिन्याचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही घरचेच. सांगायला हरकत नाही. दादा गेला."

"कुठे गेला?"

"गेला हो. तुरुंगातच. छातीत पाणी झालं होतं. तीन आठवडे झाले. सगळं तिकडेच उरकलं."

बटणवाल्याच्या हातातला घास तसाच राहिला. "आणि पोर? तिला..."

"नाही सांगितलं. सांगून काय? रडत बसेल, आणि शाळेची गणवेशांची ऑर्डर डोक्यावर आहे. हाताला भलती चपळ आहे पोरगी. बटणं लावायला बाहेरची बाई ठेवायची तर केवढ्याला पडते."

"शाळेत नाही जात?"

"शाळेत पोरं 'चोराची पोर' म्हणतात. मीच काढली. बरंच झालं." धाकटा हसला. "एक युक्ती केलीय मी. सांगितलंय, एका शर्टाची बटणं लावलीस की बाबाच्या शिक्षेतला एक दिवस कमी. तुरुंगाच्या साहेबाशी बोलणं झालंय म्हटलं. काय हात चालतो तेव्हापासून! कामात ढिलाई नाही, खाडाही नाही."

"आणि दिवस संपले की?"

"तेव्हा सांगू, बाबानं आत भांडण केलं, शिक्षा वाढली. पुढच्या वर्षीही गणवेश असणारच की."

काकू म्हणाली, "तुम्ही जेवा. गार होतंय."

बटणवाला जेवला. मला सांगताना म्हणाला, "आप्पा, मला तेव्हा उठायला हवं होतं. पण बाहेर थंडी होती."

खाली आला तेव्हा पोर मशीनशेजारच्या स्टुलावर बसली होती. डोक्यावर एक बल्ब. बाजूला पांढऱ्या शर्टांचा ढीग. ज्या पोरांनी तिला चोराची पोर म्हटलं, त्यांचेच शर्ट ते. बटणवाला कापायच्या टेबलावर आडवा झाला. अंगावर गणवेशाच्या कापडाचं थान ओढून घेतलं.

"बटणं चांगली आहेत तुमची," पोर म्हणाली. "आधीच्या बटणांची भोकं धारदार होती. दोरा तुटायचा."

"तुला कळतं गं बरंच."

"मला घाई होती ना."

मग तिनं फ्रॉकच्या खिशातून एक दोरा काढला. लांबच लांब, रिळाला गुंडाळलेला, आणि त्याला गाठीच गाठी. नखाएवढ्या अंतरावर एकेक.

"ही काय भानगड?"

"ही बाबाची शिक्षा. गेलेल्या दिवसाची एक गाठ. शर्ट झाला की एक गाठ. दोन वर्षांचे जेवढे दिवस होतात तेवढ्या झाल्या की संपलं." मांडीवरचा शर्ट तिनं उचलून दाखवला. "हा शेवटचा. आज रात्री येणार बाबा."

बटणवाला उठून बसला. म्हणाला, "जेवली का नाहीस गं नीट?"

"जेवलं की उंची वाढते."

"मग वाढू दे की!"

"नाही," ती म्हणाली. जणू लहान मुलाला समजावतेय. "पोलीस आले तेव्हा बाबा हाच फ्रॉक शिवत होता. म्हणाला, चार बोटं माया ठेवलीय. ती संपायच्या आत मी येतो. पण ती गेल्या महिन्यातच संपली. मी वाढले. माझीच चूक झाली. म्हणून शर्ट भराभर केले."

शेवटचं बटण बसलं. सुई दोऱ्यातच ठेवून तिनं दोरा लोंबता सोडला.

जिन्यावर पावलं वाजली. धाकटा काम बघायला खाली आला होता. हातात काकूची कात्री. "झालं का? दे इकडे, मी तोडतो."

"तुम्ही नाही," पोर म्हणाली आणि शर्ट छातीशी धरला. "मालक तोडतो शेवटचा धागा."

"मग मी कोण आहे?"

"काका."

सरळ उत्तर होतं. पण धाकट्याला ते कानफटात बसल्यासारखं लागलं. त्यानं हात उगारला. मग टेबलावर बटणवाला उठून बसलेला दिसला. हात खाली आला. धाकटा हसला.

"बरं. ठेव तसाच. येऊ दे तुझ्या बाबाला. तोच तोडेल आणि मग माझंही माप घेईल. काय?" बटणवाल्याला डोळा मारला आणि वर गेला.

तोंडातून शब्द सुटला की गिऱ्हाईक कोण येईल ते आपल्या हातात नसतं. असो.

थोड्या वेळानं पोर म्हणाली, "मागच्या दाराची कडी काढाल का? घट्ट आहे. मला निघत नाही. बाबा बोळातूनच येईल, पुढे कुलूप आहे."

बटणवाला उठला. त्याला वाटलं, हिला सगळं सांगून टाकावं. तोंड उघडलंही. पण पोर इतकी आशेनं बघत होती की... त्यानं कडी काढली. म्हणाला, "घे. झोप आता." त्याला वाटलं, एका कडीनं काय होणार आहे?

बल्ब घालवला. बाहेर बोळातल्या खांबाचा दिवा होता, त्याची एक पट्टी दारावरच्या काचेतून आत पडत होती. स्टुलावर, पोरीच्या पायांवर. पोर भिंतीला टेकून बसल्याबसल्याच झोपली. मांडीवर शर्ट, लोंबता दोरा आणि दोऱ्याला सुई.

त्याचाही डोळा लागला.

जाग आली ती वासानं. ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवली की येतो ना, तो वास. मोबाईल पाहिला. दोन वाजून वीस मिनिटं. इस्त्री तर भिंतीवर, वायर गुंडाळलेली.

तो म्हणतो, "मला वाटलं, आता मशीन चालायला लागणार. मी मशीनकडेच बघत होतो." मशीन चालली नाही. तिन्ही गप्प.

फरशीवर काहीतरी सरपटत होतं.

सावकाश. सर्र... टिक. सर्र... टिक.

माप घ्यायच्या टेपला टोकाशी पत्रा असतो. तो पत्रा फरशीवर वाजत होता. दाराकडून स्टुलाकडे.

दार लोटलेलंच होतं. उघडलं नव्हतं.

टिक.

थांबलं.

मग त्या दिव्याच्या पट्टीत टेप वर उठली. तिचं वरचं टोक पोरीच्या गुडघ्याशी. खालचं टोक जमिनीशी. ताठ. कुणीतरी गुडघ्यावर बसून घेराचं माप घ्यावं तशी. पण वर बोट नव्हतं... खालीही नव्हतं.

पोरीनं झोपेत पाय सरळ केला. माप देताना करतात तसा.

बटणवाल्यानं अंगावरचं थान दातांत धरलं.

टेप बराच वेळ तशीच होती. फ्रॉकच्या काठावर. त्या संपलेल्या घडीवर. एकदा खालपासून वरपर्यंत गेली. पुन्हा एकदा. जणू मापावर विश्वास बसत नव्हता.

मग मांडीवरचा शर्ट जरासा उचलला गेला.

लोंबता दोरा ताणला.

टक्.

सुई फरशीवर पडली. तिचा आवाजसुद्धा ऐकू आला.

त्यानंतर खोलीतली हवा बदलली. आधी थंडी होती, पण मऊ होती, असं तो म्हणतो. आता त्या थंडीला धार आली. टेप खाली पडली आणि टेबलाकडे आली. सर्र... टिक. त्याच्या उशाशी थांबली. त्यानं डोळे मिटले. गालाला काहीतरी टेकलं. पत्र्याचं टोक. गार. सगळं ऐकूनही तो जेवत राहिला होता... तो घास त्याच गालात अजून असल्यासारखं वाटलं त्याला.

मग ते टोक निघून गेलं.

जिना. पहिली पायरी... टिक. दुसरी... टिक.

वर दार वाजलं नाही. धाकट्याचा आवाज आला. झोपेतला.

"कोण?"

...

"कोण आहे?"

...

"दादा?"

आणि मग धाकटा बोलायला लागला. मोठ्यानं. पोरसवदा आवाजात. शिकाऊ असताना बोलायचा तसा. दुसऱ्या कुणी म्हटलेला आकडा मागून म्हणावा तसा. पहिला आवाज मात्र नव्हता.

"छाती... अडतीस."

...

"छत्तीस."

...

"चौतीस."

बटणवाला मोजत नव्हता. पण आकडे कानात येत होते. खाली खाली.

"बाही... बावीस. एकवीस... दादा... वीस."

मध्येच तो रडत होता. पण आकडा चुकत नव्हता. शिस्त होती ना.

"गळा... पंधरा."

...

"चौदा."

...

"दादा, नको..."

...

"तेरा."

मग वर सगळं शांत झालं.

पोर जागी झाली होती. अंधारात ती शर्टाचं शेवटचं बटण चाचपत होती. दोऱ्याचं तुटकं टोक तिनं बोटात धरलं. "ओलं आहे," ती म्हणाली. "दातानं तोडलाय."

बटणवाल्याला हुंदका फुटला. "बाळ, तुझा बाबा..."

"मला कळलं," ती म्हणाली. "त्याचा हात पायाला लागला. गार होता." मग विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

ती बोटांवर मोजत राहिली. मग खिशातला गाठींचा दोरा काढला आणि शेवटच्या गाठी एकेक करून सोडवायला लागली. तीन आठवड्यांच्या. एवढीशी पोर. रडली नाही. तिला राग आला होता. इतका राग मी म्हाताऱ्या माणसातही पाहिला नाही, असं तो सांगतो. प्रत्येक गाठ ती नखानं उपटत होती.

"हे शर्ट मी कुणासाठी केले मग?" ती म्हणाली.

आता ह्याचं उत्तर द्या. आहे का कुणाकडे?

उजाडल्यावर काकू खाली आली. चेहरा पिठासारखा. रात्रीचा तोरा कुठच्या कुठे. "रात्रभर झोपेत बडबडत होते. नुसते आकडे. घामानं चिंब." मागून धाकटा आला. अंगात रात्रीचाच शर्ट, पण वरची तीन बटणं लागलेली नव्हती. लागत नव्हती. बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या. पोरीकडे त्यानं पाहिलंच नाही. भिंतीकडे बघून म्हणाला, "हिची मावशी आहे. पत्ता देतो. घेऊन जा हिला. आत्ता. चहा नको, काही नको. आत्ता."

बटणवाल्यानं पोरीचा हात धरला. तिनं त्या ढिगातला एकही शर्ट मागे वळून पाहिला नाही. दोरा मात्र घेतला.

त्या रात्रीनंतर बटणवाल्यानं शिवणाचं सामान सोडलं आणि टॉर्च विकायला लागला. झाली गोष्ट.

काय म्हणतोस? धाकट्याला वाईट स्वप्न पडलं असेल? दोष मनात होता, तो झोपेत बोलला? असेल बाबा. मलाही तसंच वाटलं होतं. बटणवाल्याला मीच म्हटलं, रात्रीचं जड जेवला असशील. दोऱ्याचं काय, पोरीनंच झोपेत तोडला असेल. मी व्यापारी माणूस. बघितल्याशिवाय माल घेत नाही.

पण पुढचं ऐका. हे बटणवाल्याचं नाही, माझं आहे.

पोर मावशीकडे राहते. शाळेत जाते, दोन वेळा नीट जेवते. मावशी कापडाला आपल्याकडेच येते. पहिल्या उन्हाळ्यात ती तोच पिवळा फ्रॉक घेऊन आली. म्हणाली, "आप्पा, दुसरा कुठलाच घालत नाही हो. आखूड झाला म्हणून उसवून बघितला, तर आत कापड निघालं." मी हसलो. म्हटलं, तुमच्या नजरेतून सुटलं असेल. मी स्वतः पाहिला. उसवलेलं खाली आलेलं होतं, आणि त्याच्या आत पुन्हा नवी घडी. चार बोटं. तेच कापड, तीच निळी फुलं. जोड नाही, शिवण नाही, ताणा, म्हणजे कापडाचा उभा धागा, सलग. ते कापड मीच विकलं होतं मास्टरला, शेवटचा तुकडा होता. तसं थान पुन्हा आलं नाही.

दिवाणखान्यातल्या गप्पा नाहीत ह्या. ह्याच टेबलावर, ह्याच मीटरपट्टीनं मोजलं.

त्या वर्षाअखेरीस पुन्हा आली. उसवलेलं होतं. आत चार बोटं. ह्या मे महिन्यात पुन्हा. चार बोटं.

आता मला सांगा, कापड कुठून येतं? हवेतून तर येत नाही. एका ठिकाणी जमा झालं की दुसरीकडे नावे पडलंच पाहिजे. हे मला चौथीतच कळलं होतं.

धाकटाही आपल्याकडूनच माल उचलतो. पूर्वी शर्टाला अडीच मीटर घ्यायचा. मग तीन घ्यायला लागला. मग साडेतीन. अंगानं वाळून काटकी झालाय, आणि तरी म्हणतो, "आप्पा, कापड आटतंय तुमचं." मी म्हटलं, बाकी कुणाचं आटत नाही. त्यानं मान खाली घातली. परवा आला तेव्हा गळ्याशी कॉलर अशी रुतली होती, लाल वळ उठलेला. बोट घालून सारखी सैल करत होता. तो शर्ट, म्हणाला, आठवड्यापूर्वीच शिवला. स्वतःच्या हातानं. सैल.

मी तारीख लावून पाहिली. मावशी आदल्या दिवशीच फ्रॉक दाखवून गेली होती.

आणि बॉबिन? त्या दिवशी मावशीबरोबर आली होती. तिथे, त्या पायरीवर उभी होती. मी म्हटलं, "काय गं, जेवतेस ना आता?" म्हणाली, "हो. पोटभर." आणि हसली. मला ते हसू फारसं आवडलं नाही, पण मी कोण बोलणारा.

अकरा वर्षांची आहे. अजून पुष्कळ उंची वाढायची आहे तिची.

...

का रे, हात का थांबले तुमचे? ते निळं थान उलगडलंय ना, त्याचा तुकडा किती उरला ते नीट मोज. पट्टी सरळ धर. नखभर इकडचं तिकडे नको. मी नसेन तेव्हाही, लहान पोरानं मोजायला दिलं असेल तर आधी त्याचं मोजा. तेवढा एक हिशोब चोख ठेवा, पोरांनो.